बिनमातीचं रान

माझे वडील, आबा, मोटेच्या नाड्यावरून पडले तेव्हा मी विहिरीपासून हाकेच्या अंतरावर मिरच्या खुरपत होते. विहिरीतून चामड्याची मोट भरून वर यायला लागली आणि बैल धावेच्या उतारावरून खाली उतरू लागले की हाकणारा माणूस ताणलेल्या नाड्यावर, त्या जाड दोरावर, बसतो. त्याच्या वजनानं बैलांचं ओझं हलकं होतं. आबा तसेच बसले होते, रोज बसायचे तसे. नाडा तुटल्याचा आवाज मला आधी बंदुकीसारखा वाटला. बैल पुढे तोंडावर पडले, मोट धाडकन विहिरीत गेली आणि आबा मागे फेकले जाऊन धावेच्या दगडावर पाठीवर आपटले. मी पोचले तेव्हा ते शुद्धीवर होते. मला म्हणाले, "बैलं बघ आधी."

बैलांना खरचटलंसुद्धा नव्हतं.

परभणीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांच्या पायांना सुई टोचून पाहिली. पावलाला, पोटरीला, मांडीला. आबा छताकडे बघत होते. सुई टोचली हे त्यांना कळतच नव्हतं, आणि आमची माय मात्र प्रत्येक टोचणीला "आई गं" म्हणत होती. शेवटी डॉक्टर तिलाच म्हणाले, "बाई, तुम्ही बाहेर बसा." कंबरेखालचं अंग गेलं ते गेलं, असं त्यांनी सांगितलं. बैलगाडीत गवताची गादी करून आम्ही आबांना जिंतुराकडच्या आमच्या गावी परत आणलं. निजामाचं राज्य जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. मी सोळा-सतरा वर्षांची असेन, लग्न व्हायचं होतं.

त्यानंतरचे आबा मला ओळखू येईनात. गावातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूस, शिवारात हाक मारली तर पलीकडच्या रानातली माणसं मान वर करायची. ते आता आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. शेत चुलत्यानं हातात घेतलं. माय दिवसभर रानात राबायची आणि आबांचं जेवणखाण, अंग पुसणं, कूस बदलणं माझ्याकडे आलं. मी भाकर कुस्करून दूध घालून द्यायची. निम्मी तशीच परत यायची. पाऊस कसा झाला, कापूस कसा आहे, हे सांगायला चुलता रोज संध्याकाळी दारात उभा राहायचा. आबा मान वळवायचे नाहीत. एकदाच म्हणाले, "मला नको सांगत जाऊ. माजा अन् मातीचा संबंध संपला."

आमच्या काळ्या रानाबद्दल हा माणूस असं बोलला म्हणून चुलता ओसरीवर येऊन रडला होता.

दिवाळीनंतर माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आला. परभणीला सरकारी शेतकी फार्मवर तो कामाला होता. आम्ही त्याला दाजी म्हणायचो. त्याच्या हातात लोणच्याच्या बरणीएवढी काचेची बरणी होती, वरून धोतराच्या फडक्यानं झाकलेली. तो सरळ आबांच्या खोलीत गेला, बाजेजवळ बसला आणि म्हणाला, "मामा, जरा इकडं बघता का?"

जावयाचा मान म्हणून आबांनी मान वळवली. दाजीनं फडकं काढलं.

बरणीच्या तोंडात टमाट्याचं रोप अडकवलेलं होतं. वर हिरवीगार पानं, एक पिवळं फूलसुद्धा. आणि खाली बरणीभर पाण्यात लोंबकळत होती मुळं. पांढरीशुभ्र, केसांसारखी, एकमेकांत गुंतलेली. बरणीत मातीचा कण नव्हता. माझ्या हातातला पाण्याचा तांब्या तिरका होऊन पाणी पायावर सांडलं तरी मला कळलं नाही. उपटलेलं झाड मी हजारदा पाहिलं होतं, पण ते मेलेलं असतं. हे उपटलेलं होतं आणि जिवंत होतं.

आबा कोपरावर रेलून उठायला बघत होते. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"झाका ते!" ते ओरडले. दवाखान्यातून आल्यापासून त्यांचा तो आवाज आम्ही पहिल्यांदा ऐकला. "मुळं अशी उघडी टाकत्यात व्हय? लाज न्हाई का तुमाला? झाका आधी!"

माय चुलीपासून धावत आली. मला वाटलं, आता दाजी अपमान मानून निघून जाईल. पण तो हसला आणि फडकं परत गुंडाळत म्हणाला, "मामा, तुमी न शिकता नियम सांगितला. मुळाला अंधार लागतोच. उजेडात ठेवलं की सडतंय. दाखवायपुरतं उघडं केलतं."

आबांनी फडक्याला हात लावून पाहिला. मग विचारलं, "खातंय काय ते?"

"पाण्यात क्षार विरघळून देतो. मातीतून झाड जे घेतं तेच. बाकी माती म्हंजी नुसतं उभं राह्याला आधार."

"नुसता आधार," आबा म्हणाले. ते चिडले होते की दुखावले होते, मला आजही नक्की सांगता येणार नाही. पण त्या रात्री त्यांनी पूर्ण भाकर खाल्ली आणि झोपताना मला म्हणाले, "बरणी हितंच ठिव. माज्याजवळ."

दाजीनं पुढच्या वेळी लाकडाचं एक उथळ खोकं आणलं. आतून डांबर लावलेलं. पूर्णेच्या पात्रातली बारीक वाळूखडी आम्ही गाडीभर आणली, धुऊन-धुऊन तिचं पाणी स्वच्छ निघेपर्यंत माय वैतागली. खोकं विटांवर जरा तिरपं ठेवलं. त्याच्या उतरत्या टोकाला रबरी नळी जोडली आणि नळीचं दुसरं टोक डालड्याच्या डब्याच्या बुडाला. डबा दोरीला टांगलेला, दोरी तुळईवरच्या कप्पीतून फिरवलेली. दोरी ओढली की डबा वर जाणार आणि त्यातलं क्षाराचं पाणी खडीत उतरणार. दोरी सोडली की डबा खाली येणार आणि उरलेलं पाणी परत डब्यात. दिवसातून तीनदा एवढंच करायचं.

दोरीचं मोकळं टोक दाजीनं आबांच्या बाजेच्या खुराला बांधलं.

 ज्या माणसाची कंबर नाड्यानं मोडली त्याच्या हातात दोरी द्यायची? पाणी वर ओढायला? मायनं तोंडाला पदर लावला. आबांनी दोरीकडे पाहिलं आणि हात पांघरुणात घेतला. दोन दिवस मीच डबा वरखाली करत होते. तिसऱ्या दिवशी मी ज्वारी निवडत ओसरीवर बसले होते, तर आत कप्पी करकरली. मी दारात जाऊन बघितलं. आबा डोळे मिटून, दातावर दात दाबून दोरी ओढत होते. डबा वर पोचला, खडीत पाणी झिरपल्याचा आवाज आला, तेव्हा त्यांनी डोळे उघडले. मी तिथून हलले. त्यांना मी दिसू नये असं वाटलं.

खोलीत उजेड कमी पडायचा. आमचं घर माळवदाचं, मातीच्या सपाट छताचं. उजेडासाठी छताला एक भोक होतं, त्याला आम्ही सवणं म्हणतो. दाजीनं ते पहारीनं चांगलं हातभर रुंद केलं आणि त्यावर काचा बसवल्या. छत फोडताना माय अंगणात उभी राहून ओरडत होती, "आवं, घर पाडायलेत का काय! जावई म्हणून बोलू नगं तर काय करू!" भिंतींना आतून चुना दिला, म्हणजे उजेड उसळून झाडावर पडेल. खिडकीला पोतं बांधलं. उन्हाळ्यात ते ओलं ठेवायचं काम माझं.

आणि क्षार. ते आणायला मी चुलत्याबरोबर जिंतूरच्या बाजारात जायची. सुपर आणि अमोनिया ही खतं दाजी फार्मवरून आणायचा, बाकीचं दुकानातून. हिराकस आम्हाला माहीत होतं, त्यानं शाई करतात. झाडाची पानं पिवळी पडली की चिमूटभर. पण दाजीनं जुलाबाचं मीठ आणायला सांगितलं तेव्हा मायनं कपाळावर हात मारला. "झाडाला जुलाब देणार? अन् ते टमाटं आपुन खाणार?" शेवटची चीज होती सोरा. शोभेची दारू करणारे वापरतात तो. दुकानदारानं पुडी बांधता बांधता मला विचारलं, "लगीन कुणाचं हाय?" त्याला वाटलं, वरातीसाठी फटाके करायचेत. मी म्हणाले, "लगीन न्हाई, आबांच्या झाडाला पायजे." त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी पुडी घेऊन पळतच चुलत्याकडे आले.

पहिली रोपं कुजली. दुसरी पिवळी पडून मेली. मी बाज खोक्याला लावून आबांना पालथं केलं की ते तासन्‌तास खोक्यात डोकं घालून पडायचे, बोटानं खडी बाजूला करून मुळाचं टोक बघायचे. "पांढरं हाय, जगंल. तपकिरी झालंय, गेलं." चाळीस वर्षं शेती केलेला माणूस एखाद्या पोरासारखा मला विचारायचा, "काल पाणी सोडलं तवा खडी गरम होती का गं?" तिसऱ्या खेपेला कोथिंबीर आणि टमाटे दोन्ही धरले.

आणि मग घरी पोलीस आले.

सकाळची वेळ होती. मी अंगण सारवत होते. जमादार, दोन शिपाई आणि मागे खाली मान घालून आमचे पोलीस पाटील. निजामाच्या शेवटच्या गडबडीच्या दिवसांत अशी माणसं दारात आली की कुणीतरी घरातून जायचंच, हे मी लहान असताना पाहिलं होतं. माझे हात शेणातच थिजले.

"सोरा कुठंय?" जमादारानं विचारलं.

पाटील हळूच मायला म्हणाले, "वैनी, कुणी तरी खबर दिली. तुमच्या घरात बारूद करायलेत म्हणून. छतसुदीक फोडलंय म्हणत्यात."

  शिपायांनी धान्याच्या कणग्या उपसल्या, उतरंडीची मडकी एकेक खाली उतरवली. जमादार आतल्या खोलीत शिरला आणि तिथंच उभा राहिला. बाहेर चैत्राचं ऊन. आत गारवा, पांढऱ्या भिंती, वरून काचेतून पडलेला उजेड आणि त्या उजेडात खडीतून वर आलेली हिरवी, दाट, टवटवीत कोथिंबीर. बाजेवर एक पांगळा माणूस.

"ये क्या है?" जमादार म्हणाला. त्याच्या आवाजातला दरारा गेला होता.

 आबांनी दोरी ओढली. डबा वर गेला. पाणी खडीत उतरलं. जमादारानं वाकून खडीत बोट घातलं, आणखी खोल घातलं. तो माती शोधत होता. माती लागेना तेव्हा त्यानं एक काडी उपटली, मूळ बघितलं, वास घेतला आणि शेवटी पानं तोंडात टाकली.

"कोथिंबीरच हाय की," तो पाटलाकडे वळून म्हणाला, जणू पाटलानंच त्याला फसवलं होतं.

"सोरा तिच्या पोटात जातो, साहेब," आबा म्हणाले. "बारूद करायला मला पाय न्हाईत. पळणार कुठं?"

जमादार हसला नाही. हुकूम म्हणजे हुकूम, असं म्हणून सोऱ्याची पुडी त्यानं नेलीच. पण जाताना पायताण हातात घेऊन खोलीबाहेर आला. देवळातून बाहेर पडावं तसा. दाजी परभणीहून धावत आला, कचेरीत जाऊन समजावून सांगितलं, पुडी परत मिळाली. खबर कुणी दिली ते पाटलांनी आम्हाला सांगितलं नाही आणि आबांनी विचारूही दिलं नाही. ते म्हणाले, "त्याचं काय चुकलं? छत फोडून झाडं लावलीत म्हणून कुणी सांगितलं असतं तर मी तरी खरं मानलं असतं का?"

त्यानंतर गाव बघायला लोटलं. वैशाखात गावात हिरवं पान औषधाला मिळत नसे. वाळलेली मिरची आणि पिठलं, एवढंच कालवण. आणि आमच्या आतल्या खोलीत कोथिंबीर, लाल टमाटे. बायका दारातून डोकावून कानाला हात लावायच्या. एका म्हातारीनं कोथिंबिरीची काडी घेतली, नाकाशी नेली आणि परत ठेवून दिली. म्हणाली, "वास हाय, पर आई न्हाई हिला." मायही तशीच. आबांसाठी ती ते शिजवायची, पण स्वतः खायची नाही आणि देवाला नैवेद्यात तर घालूच द्यायची नाही. "काळ्या आईनं दिलेलं न्हाई ते," एवढंच बोलायची. आबा तिच्याशी वाद घालत नसत.

एका दुपारी शेजारच्या वाड्यावर लग्न होतं. आमच्या भावकीतलंच, म्हणून माय आणि मी दोघी गेलो. आबांच्या उशाशी पाण्याचा माठ ठेवला, दोरी हाताशी दिली. लगेच येतो म्हणून गेलेल्या आम्ही पंगतीला वाढायला लागलो आणि ऊन कलायला आलं तेव्हा परतलो.

बाज रिकामी होती.

मी आयुष्यात पुष्कळ काही पाहिलं, माणसं जाताना पाहिली, पण त्या रिकाम्या बाजेसारखा धक्का मला पुन्हा बसला नाही. क्षणभर मला असंच वाटलं की त्यांना कुणीतरी उचलून नेलं. मग खालच्या दगडी फरशीकडे लक्ष गेलं. सगळीकडे पाणी. नळी चिरली होती आणि डब्यातलं पाणी सारं खोलीत सांडलं होतं. खोक्याच्या पायथ्याशी आबा पालथे पडले होते. अंगावर हालचाल नाही. मायनं असा हंबरडा फोडला की लग्नातली माणसं धावत आली.

"वरडू नगंस," जमिनीवरून आवाज आला. "पाणी आण."

त्यांचा डोक्याचा पटका त्यांच्या हातात होता. जमिनीवर सांडलेलं पाणी ते पटक्यानं टिपत होते आणि खोक्यावर हात उंचावून खडीत पिळत होते. टिपायचं, पिळायचं. माठातलं पिण्याचं पाणी आधीच संपवलं होतं. बाजेवरून त्यांनी स्वतःला खाली टाकलं होतं आणि कोपरांवर घसरत खोक्यापर्यंत आले होते. दोन्ही कोपरांची सालटं निघून रक्त येत होतं. त्या फरशीवर बाजेपासून खोक्यापर्यंत रक्ताळलेला पट्टा उमटलेला होता.

"दुपारपासून खडी तापायलीय," ते माझ्यावर डाफरले. "मुळं उकडली असती समदी. तुमाला पंगती पडल्यात."

मी घागर आणायला पळाले. पळता पळता मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं. हा माणूस सव्वा वर्ष कूस बदलायला माझी वाट बघत होता. मागे वळून पाहिलं तर माय त्यांच्याजवळ मांडी घालून बसली होती, त्यांचं कोपर मांडीवर घेऊन पदरानं रक्त पुसत होती आणि नुसती त्यांच्याकडे बघत होती. धावत आलेले लोक दारातच थबकले होते.

निम्मी झाडं गेली. निम्मी वाचली. पण आबा त्यानंतर बाजेवर काही राहिले नाहीत. "खाली सोडा मला," म्हणून सकाळीच सुरू व्हायचं. सुताराला बोलावून त्यांनी बुटकी फळी करून घेतली, चार लाकडी चाकांची. हातांना चामड्याचे तुकडे बांधून ते जमीन रेटत खोलीभर फिरू लागले. मग ओसरीवर. मग अंगणात. उंबरठा ओलांडताना पहिल्यांदा ते कलंडले, चुलता उचलायला धावला, तर त्याच्यावर ओरडले. चुलता माझ्याकडे बघून म्हणाला, "ह्योच आवाज. ह्योच दादाचा आवाज."

पावसाळ्याच्या तोंडावर एका सकाळी मला बाहेरून गलका ऐकू आला. आबा वेशीकडच्या पारावर निघाले होते. एकटे, फळीवर. वाटेत धूळ, खडे, शेळ्या. दुकानदार दुकानातून उठून उभे राहिले होते, पोरं मागून चालली होती, कुणी हसत नव्हतं. पडल्यापासून गावानं त्यांना घराबाहेर पाहिलंच नव्हतं. पुष्कळांनी मनात त्यांना कधीच पोचवून टाकलं होतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

माय डोक्यावरचा पदर सावरत मागे धावली. "आवं, कुठं निघालात? पडाल की! थांबा, मी येते संगं."

आबांनी फळी थांबवली. घामानं त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता.

"तू घरी जा," ते म्हणाले. "पाणी सोडायची येळ झालीय. दोरी हळू वढ, नळी नवी हाय."

माय रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. त्या खोक्याला तिनं तोवर हातही लावला नव्हता. मला वाटलं, ती मला सांगेल.  आबा पुढे गेले, चाकं कुरकुरत. माय वळली, भराभर घरात आली, माझ्यासमोरून आतल्या खोलीत गेली, आणि थोड्या वेळानं कप्पी करकरल्याचा आवाज आला. मी अंगणातच उभी होते. कुणाच्या मागे जावं ते मला कळत नव्हतं.